विचारा की! : लिंकच्या आधी तवा

पत्र : ताई, मी राजारामपुरीत राहते, वय 31. शिरोलीच्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघते. आठ महिन्यांपूर्वी कोल्हापुरी स्वयंपाकाचा ब्लॉग सुरू केला. 64 लेख झालेत, रोज दीडशे-दोनशे लोक वाचतात. ॲफिलिएट मार्केटिंगमधून, म्हणजे दुकानाच्या वस्तूंच्या लिंका देऊन, पैसे मिळतात असं कळलं म्हणून एका कंपनीकडे नाव नोंदवलं आणि जवळजवळ प्रत्येक रेसिपीखाली पाच-सहा लिंका टाकल्या. दोन महिन्यांत काहीच खपलं नाही. मग नवऱ्याला, जावेला आणि ऑफिसातल्या दोघींना माझ्याच लिंकवरून सामान घ्यायला लावलं. कंपनीनं कमिशन दिलं नाहीच, वर खातं बंद केलं. आता एक ओळखीचा मुलगा ₹18,000 चा कोर्स घ्या म्हणून मागे लागलाय. तिसऱ्या महिन्यापासून महिना तीस हजार सुटतात म्हणे. सासूबाई म्हणतात, हे चेन मार्केटिंग आहे, नाद सोड. कोर्स घेऊ का? सुरुवात नव्यानं कुठून करू? आणि चपलांवर कमिशन जास्त असतं म्हणतात, तर कोल्हापुरी चपलांच्या लिंका टाकू का?

उत्तर :

कोर्स घेऊ नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल.

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. ॲफिलिएट मार्केटिंग म्हणजे चेन मार्केटिंग नव्हे, पण तुमच्या मागे लागलेल्या कोर्सबद्दल त्यांना आलेला वास खोटा असेलच असं नाही. त्या मुलाला एकच विचारा : "तुला महिना तीस हजार मिळतात ते कशाचं कमिशन?" तव्याचं, मिक्सरचं, पुस्तकांचं असेल तर त्यानं आपला ब्लॉग दाखवावा, आपण वाचू. पण उत्तर "हाच कोर्स दुसऱ्यांना विकून" असं आलं, तर चहा पाजा आणि रवाना करा. माल विकून मिळतं ते कमिशन. माणूस आत आणून त्याच्या फीमधून मिळतो तो वेगळा प्रकार. 2021 च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे आणि पैसे फिरवण्याच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा तर 1978 पासून आहे. तो मुलगा त्यात बसतो की नाही हे मला ठाऊक असायचं कारण नाही. पण तुमचे ₹18,000 तुमच्याकडेच राहिलेले बरे. या धंद्यात शिकण्यासारखं जे आहे ते कंपन्यांच्या नियमांच्या पानांवर फुकट वाचायला मिळतं, फक्त ती पानं कंटाळवाणी असतात म्हणून कोणी वाचत नाही. तुम्हीही वाचली नव्हती, आणि तिथंच घोटाळा झाला.

आता मूळ व्यवहार समजून घ्या. कोल्हापूरच्या माणसाला तो समजवायला इंटरनेट लागत नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून आपल्याकडे गुळाचे सौदे होतात. अडत्या गुऱ्हाळ चालवत नाही आणि सगळा गूळ खातही नाही. माल एकाचा, पैसा दुसऱ्याचा, मधे त्याचा शब्द. त्या शब्दाची अडत त्याला मिळते. ॲफिलिएट म्हणजे गोदाम नसलेला अडत्या. तुमच्या लिंकमध्ये तुमची खूण असते. त्या लिंकवरून वाचक दुकानात गेला आणि त्यानं काही घेतलं, तर दुकान आपल्या पैशातून तुम्हाला ठरलेला टक्का देतं. वाचकाला वस्तू महाग पडत नाही.

आणि गुळाचंच आणखी एक. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पिवळाधमक दिसला की गिऱ्हाईक खूश होतं. पण हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर मारली की कुठलाही गूळ पिवळाधमक दिसतो. जाणता अडत्या कोपरा फोडून जिभेवर ठेवतो. ऑनलाइन दुकानातले साडेचार तारे म्हणजे हा पिवळा रंग. तुमच्या लेखांखालच्या लिंका मी उघडून बघितल्या. त्यातल्या किती वस्तूंचा कोपरा तुम्ही फोडून बघितला होता? पांढऱ्या रश्श्याच्या लेखाखाली खसखस, नॉनस्टिक कढई, एप्रन, चिमटा, स्टीलचे डबे आणि एक हँड ब्लेंडर. हँड ब्लेंडर! तुमच्याच रेसिपीत खोबऱ्याचं दूध हातानं पिळायला सांगितलंय.

खात्याचं आधी मिटवू. घरच्यांना आपल्याच लिंकवरून खरेदी करायला लावणं बहुतेक सगळ्या कंपन्यांत चालत नाही. उदाहरणादाखल ॲमेझॉनच्या असोसिएट्स कार्यक्रमाचे नियम घ्या, कारण नवे ब्लॉगर बहुतेक तिथूनच सुरू करतात. तिथं स्वतःची खरेदी धरत नाहीत आणि नातेवाईक-मित्रांना लिंकवरून घ्यायला सांगणंही चालत नाही. पत्ता, कार्ड, नाव हे सगळं त्यांना दिसत असतं. तुमच्या जावेचा आणि तुमचा पत्ता एकच असणार, मग कळायला कितीसा वेळ लागतो? तुम्हाला यात लबाडी वाटली नसेल. आपल्याकडे पुतण्यानं दुकान काढलं की पहिली बोहनी घरचेच करतात. पण अडत्यानंच माल उचलला तर तो सौदा होत नाही.

आता नवऱ्याच्या नावानं त्याच ब्लॉगसाठी दुसरं खातं काढायची कल्पना डोक्यात आली असेल, तर ती आत्ताच बाहेर काढा. ज्या कंपनीनं बंद केलं तिला साधं पत्र लिहा : काय केलं, का केलं, नियम माहीत नव्हता, पुन्हा होणार नाही. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर दुसऱ्या कंपन्या आहेत.

पण दुसरीकडेही लगेच नाव नोंदवू नका. ॲमेझॉनकडे नोंदणी केल्यापासून 180 दिवसांत तीन ग्राह्य विक्र्या झाल्या नाहीत तर अर्ज बाद होतो. म्हणजे नोंदणीच्या दिवसापासून घड्याळ सुरू. नवे लोक पहिल्याच आठवड्यात उत्साहानं नोंदणी करतात, मग पाचव्या महिन्यात घाम फुटतो आणि जावेला फोन जातो. आधी लेख तयार ठेवा, वाचक येऊ द्या, मग नोंदणी.

कुठले लेख, ते सांगायच्या आधी थोडा हिशेब. तुम्ही अकाउंट्सवाल्या, म्हणून कागदावरच मांडते. आकडे धरून चाललेले आहेत, पण प्रमाण साधारण असंच असतं. महिन्याला 6,000 वाचक. बहुतेकांचं भांडं गॅसवर असतं, एका हातात पळी, दुसऱ्यात मोबाइल. त्यांना मीठ कधी घालायचं ते हवंय, चिमटा नकोय. हजारात दहा जणांनी लिंक दाबली तर 60. त्यातल्या तिघांनी प्रत्येकी ₹1,200 ची वस्तू घेतली, 5 टक्के कमिशन धरलं तर झाले ₹180. एकानं वस्तू परत केली की त्याचे ₹60 वजा, कारण परत आलेल्या मालाचं कमिशन मिळत नाही. उरले ₹120. खासबागेत दोघांची भेळ.

आता दुसरा लेख घ्या, महिन्याला फक्त 300 जण वाचतात असा. पण ते तीनशे "कुठला तवा घेऊ" हे शोधतच आलेत. त्यातले 60 लिंक दाबतील, सहा-सात घेतील. चारशेच्या आसपास. तीनशे वाचक सहा हजारांना भारी पडले. असे दहा लेख वर्षभरात उभे राहिले तर महिना चारेक हजार. पगार सोडण्याइतके नव्हेत, पण खरे. तीस हजारांचं गाजर दाखवणारा हा हिशेब कधी मांडत नाही.

आणि हे चार हजारही लगेच हातात येत नाहीत. ॲमेझॉन महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी पैसे देतं आणि बँकेत यायला किमान ₹1,000 साठावे लागतात. वाचकानं लिंक दाबली की 24 तासांची मुदत असते. तेवढ्यात त्यानं तव्याऐवजी मुलाचं दप्तर घेतलं तरी तुमच्या नावावर लागतं. उद्या बघू म्हणून झोपला आणि परवा स्वतःहून साइटवर जाऊन तवा घेतला, तर बहुतेक वेळा तुम्हाला काही नाही. हे मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांचंच होतं. टक्के तर वस्तूच्या प्रकारावर ठरतात आणि मधूनमधून बदलतात, म्हणून तक्ता त्यांच्याच पानावर बघायचा, कोणाच्या व्हिडिओत नाही.

तर तवा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं सांगू? "शिरोलीच्या एका फौंड्रीत." तुम्ही ते ओळख म्हणून लिहून पुढे गेलात. अहो, महाराष्ट्रात स्वयंपाकाचे ब्लॉग लिहिणाऱ्या असंख्य बायका आहेत. त्यातल्या किती जणी रोज बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतताना बघतात? बिडाच्या तव्याला सध्या मागणी आहे. नॉनस्टिकला कंटाळलेली माणसं घावन-आंबोळीसाठी बिडाकडे वळलीत आणि घेताना गोंधळतात. ऑनलाइन फोटोत सगळे तवे काळे आणि सगळे सारखे. तुमच्या कारखान्यात मोटारीचे नाहीतर पंपाचे ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, होत असतील, तवे नसतीलही. पण धातू तोच, वाळू तीच, दोष तेच.

तुम्ही बिलांच्या फायली घेऊन शॉपवर जात असाल ना, तर एकदा जेवणाच्या सुट्टीत वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डरपाशी थांबा. ब्लो होल म्हणजे काय विचारा. ओतताना आत वायू अडकला की धातूत भोक राहतं. तव्याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर काय समजायचं, ते तो दोन वाक्यांत सांगेल. कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याला विचारा की कड नीट घासली नसेल तर हाताला कशी लागते. कास्टिंग बोटाच्या पेरानं वाजवून दाखव म्हणा. धड असेल तर टणटणतं, चीर असेल तर बद्द आवाज येतो. आपल्या आज्या माठ वाजवून घ्यायच्या, तसंच. पार्सल घरी आलं की पहिल्यांदा वाजवा आणि बद्द वाजलं तर परत पाठवा, एवढं एक वाक्य तुमच्या लेखात असलं तरी वाचक तुम्हाला विसरणार नाही.

मग स्वतःच्या पैशानं एक तवा घ्या. जमलं तर दोन, एक ऑनलाइन आणि एक आपल्या बाजारातून. किचनच्या काट्यावर वजन करा. धुऊन, गॅसवर कोरडा करून, शेंगतेलाचं पातळ बोट फिरवून धूर येईपर्यंत तापवा, गार करा, परत. तीन-चार वेळा. पहिलं घावन चिकटणार. त्याचा फोटो काढा, तो लपवू नका. चौथं घावन कसं सुटलं तेही दाखवा. महिनाभरानं परत लिहा : गंज आला का, सासूबाईंना उचलायला जड जातो का, इंडक्शनच्या काचेवर ओढला तर चरा पडतो का. टोमॅटो-चिंचेचं आंबट त्यावर शिजवू नका, तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, हातातून फरशीवर सोडू नका, बीड ठिसूळ असतं. हेही लिहा. आणि "हा तवा कोणी घेऊ नये" असा परिच्छेद हवाच. मनगट दुखणाऱ्यांनी घेऊ नये. रोज भाकरीच करणाऱ्यांनी साधा लोखंडी घ्यावा, हलका पडतो. असं लिहिलं की चार गिऱ्हाइकं जातील असं वाटतं. उलट राहिलेली चाळीस तुमचं ऐकतात.

या लेखात लिंक किती? एक. फार तर दोन. वापरलेल्या वस्तूंच्या.

मिक्सरचंही असंच होईल. सुकं खोबरं, तीळ, खसखस असं कोरडं वाटण कुठल्या भांड्यात फिरतं आणि कुठल्यात नुसतं कडेला जाऊन बसतं, हे तांबडा रस्सा करणाऱ्याला जे कळतं ते कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं. वर्षाची चटणी साठवायला बरणी चिनीमातीची की काचेची, हाही असाच विषय. पण त्यात वेळ सांभाळा. चटणी उन्हाळ्यात कुटायला डंकावर जाते, म्हणून लेख जानेवारीतच हवा. गूगलला नवा लेख ओळखीचा व्हायला वेळ लागतो. मे महिन्यात लिहिलेला लेख पुढच्या वर्षीच्या कामाचा.

चटणीवरून आठवलं. घरात तुम्ही "चटणी"च म्हणत असाल, लेखात मात्र सगळीकडे "कांदा-लसूण मसाला" लिहिलंय. दोन्ही लिहा. पुण्या-मुंबईचा माणूस मसाला शोधतो, गडहिंग्लजचा चटणी शोधतो आणि कित्येक जण मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते ब्लॉगला जोडा. लोक नेमके कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले याची यादी त्यात मिळते. त्या यादीत "कुठला", "कसा घ्यावा", "चांगला" असे शब्द असलेल्या ओळी शोधा. त्या ओळी म्हणजे पिशवी घेऊन निघालेलं गिऱ्हाईक. आठ महिन्यांत तुम्ही ती यादी एकदाही उघडली नसणार. बहुतेक जण उघडत नाहीत.

माझी एक चूक सांगते, म्हणजे मी फार शहाणी आहे असं वाटायला नको. गच्चीवरच्या बागेबद्दल मी बरीच वर्षं लिहिते. पहिलं कमिशन ₹14 मिळालं होतं, एका खुरप्याचं. पुढे एकदा रोपांच्या पिशव्यांवर लेख लिहिला. एका विक्रेत्याच्या पिशव्यांना तारे भरपूर आणि टक्का चांगला. मी त्या हातात न घेता शिफारस केली, वर "मजबूत" असा शब्दही लिहिला. लेख चालला, महिनाभर बरे पैसे आले. जुलैत इचलकरंजीच्या एका बाईंनी फोटो पाठवला : गॅलरीभर लाल चिखल, उसवलेली पिशवी आणि मुळं उघडी पडलेलं लिंबाचं झाड. खाली एकच ओळ : "ताई, तुम्ही वापरल्या होत्या ना?" मी तासभर उत्तर लिहीत होते आणि खोडत होते. शेवटी "नाही" एवढंच लिहिलं. लिंक काढली, लेखाच्या वर मोठ्या अक्षरात झालेली चूक लिहिली, बाईंना पिशवीचे पैसे पाठवले. त्यांनी परत पाठवले. त्या बाई अजून माझा ब्लॉग वाचतात, पण तेव्हापासून त्यांनी मला कधी "काय घेऊ" असं विचारलेलं नाही.

आता वाचकाला सांगण्याचं. लिंकवर कमिशन मिळतं हे लपवायचं नसतं. ही सभ्यता आहेच, कायदाही आहे. ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी 2023 मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात म्हटलंय की विक्रेत्याशी पैशाचा संबंध असेल तर तो ठळक, सहज दिसेल असा सांगावा आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगावा. मराठी लेखाच्या तळाशी बारीक इंग्रजीत दोन ओळी चिकटवल्या, असं चालायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ₹10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ₹50 लाखांपर्यंत. तुमच्या-माझ्या ब्लॉगवर उद्या कोणी धाड घालणार नाही. पण लेखाच्या सुरुवातीला असं लिहायला काय जातं : "या लेखातल्या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत तर मला थोडं कमिशन मिळतं. तुम्हाला वस्तू जास्त किमतीला पडत नाही. तवा मी स्वतःच्या पैशानं घेतलाय." ॲमेझॉन आपल्या नावाचा उल्लेख असलेलं ठरावीक वाक्यही मागतं, ते साइटवर कुठंतरी स्पष्ट दिसेल असं टाका. आणि लिंकच्या कोडमध्ये "स्पॉन्सर्ड" ही खूण लावा, म्हणजे ही पैशाची लिंक आहे हे गूगललाही कळतं. गूगलनं 2019 मध्ये ती सोय केली.

किंमत लेखात टाइप करू नका. सकाळी ₹1,150 असते, रात्री ₹999. वाचक तिथं गेला की तुम्ही खोट्या ठरता. ॲमेझॉनला तसंही हातानं टाकलेली किंमत चालत नाही. "हजाराच्या आसपास" पुरे. दुकानातली ग्राहकांची मतं आणि तारे उचलून आपल्या लेखात चिकटवायचे नाहीत. कंपनीचं वर्णन भाषांतर करून टाकायचं तर अजिबात नाही. असली उचललेली पानं गूगल मागे टाकतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दुकानाची लिंक टाकण्यापेक्षा आपल्या लेखाची लिंक टाका. नियमात अडकायला नको आणि महिला मंडळाच्या ग्रुपवरून कोणी काढायला नको.

चपलांचं. नका टाकू. निदान आत्ता, अशा तऱ्हेनं तरी नका. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं आपल्या चपलेसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. आणि आपणच "कोल्हापुरी" नावानं विकली जाणारी रेक्झिनची चप्पल, टक्का जास्त म्हणून, कोल्हापूरच्या ब्लॉगवर लावायची? तुम्ही स्वयंपाकावर लिहिता, चप्पल तिथं शोभतही नाही. एखाद्या दिवशी चप्पल लाईनला जाऊन कारागिरापाशी बसून, कातडं कसं ओळखायचं, शिवण कशी बघायची हे शिकून लिहिलंत तर मी स्वतः वाचेन. तो लेख मग विकत घ्यायला येणाऱ्यांसाठी असेल, लिंक असो वा नसो.

त्यापेक्षा एक गोष्ट तुमच्या आवाक्यातली आहे आणि मला ती मोठ्या कंपन्यांपेक्षा जास्त आवडते. तुमच्या ओळखीत कोणीतरी चांगली चटणी करून विकत असेल, कोणाचं गुऱ्हाळ असेल, कोणी काकवी भरून पाठवत असेल, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ देत असेल. त्यांच्याशी थेट बोला. तुमच्या वाचकांसाठी एक शब्द ठरवा, "रस्सा" म्हणा. ऑर्डर देताना जो हा शब्द सांगेल त्याला पाच टक्के सूट, तुम्हाला दहा टक्के. त्यांनी वहीत टीप ठेवायची, महिनाअखेरीस हिशेब. ना लिंक, ना 24 तासांची मुदत. पण तीन गोष्टी सोडू नका : विक्रेत्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असला पाहिजे, माल तुम्ही खाऊन बघितलेला असला पाहिजे, आणि टक्का, मुदत, परत आलेल्या मालाचं काय, हे चार ओळींत व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घेतलेलं असलं पाहिजे. ओळखीतले व्यवहार तोंडी ठेवले की दिवाळीत तोंडं फिरतात.

कराचं तुम्हाला मी काय सांगणार. पॅन लागेल, कमिशन हे धंद्याचं उत्पन्न धरलं जातं म्हणून आयकराचा साधा आयटीआर-1 फॉर्म चालणार नाही, टीडीएस कापला असेल तर तोही तपासा. पहिल्या ₹14 पासून वेगळी वही ठेवा. तवा, डोमेन, इंटरनेट या खर्चाच्या पावत्याही त्यातच.

तर आत्ता काय करायचं? त्या 64 लेखांमधल्या न वापरलेल्या वस्तूंच्या लिंका काढून टाका. एका रविवारी दुपारी होईल. पांढऱ्या रश्श्याचा लेख तर अगदी मोकळा ठेवा, तो तुमच्या आईच्या हातचा आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग सर्च कन्सोल जोडा. नोंदणी नको, कोर्स नको. तव्याचा लेख झाला की लिंक न टाकता मला पाठवा, त्या चिकटलेल्या पहिल्या घावनाच्या फोटोसकट. आणि मोल्डरकडे जाल तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नका, वाटीभर गूळ-शेंगदाणे घेऊन जा. माणूस जेवायला बसलेला असतो.